मशीनचा आयपी प्रोग्रॅममध्ये लिहायचा नाही, मग लिहायचं काय?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, रात्रीचे साडेअकरा. रत्नागिरीजवळच्या एका आंबा प्रक्रिया कारखान्यातून सुपरवायझरचा फोन आला. "भाऊ, चेंबर एकचा अलार्म वाजतोय. स्क्रीनवर उणे नऊ दिसतंय. पण आम्ही जाऊन बघून आलो, दाराजवळच्या मीटरला उणे अठराच आहे." मी अर्धवट झोपेत सांगितलं, "सेन्सर गेला असेल. बझर बंद करून ठेवा, सकाळी येतो." त्यांनी बझर बंद केला. सकाळी चेंबर दोनचं दार उघडलं तेव्हा पल्पच्या पिशव्या बोटाने दाबल्या की आत जात होत्या.

झालं होतं ते असं. संध्याकाळी वळवाचा पाऊस, गडगडाट, लाईट गेली, आली, परत गेली. त्यात राऊटर जळला आणि चेंबर दोनचा कॉम्प्रेसर ट्रिप झाला. इलेक्ट्रिशियनने कपाटातला दुसरा राऊटर लावून दिला. लाईट आल्यावर तिन्ही थंड चेंबरचे, तापमान सांभाळणारे कंट्रोलर जागे झाले आणि ज्याने आधी हात पुढे केला त्याला नव्या राऊटरने क्रमाने पहिला असलेला नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, दिला. पूर्वी चेंबर एककडे १९२.१६८.१.५० होता, दोनकडे ५१. आता उलट झालं. तापमान नोंदवणारा माझा प्रोग्रॅम ५० ला विचारायचा आणि उत्तर 'चेंबर एक' म्हणून नोंदवायचा. तू कोण, हे त्याने कधी विचारलंच नाही. दोन तापत होता, बोंब एकच्या नावाने होत होती, आणि माणसं बरोबर चुकीच्या दारापाशी जाऊन 'सगळं ठीक आहे' म्हणून परत येत होती.

चूक निव्वळ माझी. वर दोन वर्षं तोच प्रोग्रॅम नीट चालला होता, त्यामुळे ते पत्ते कायमचे आहेत असं मी धरून चाललो होतो. ते कायमचे नव्हतेच. राऊटर पत्ता भाड्याने देतो, भाड्याची मुदत निम्मी उलटली की यंत्र तोच पत्ता पुढे चालू ठेवायची विनंती करतं, आणि राऊटर हो म्हणतो. दोन वर्षं भाडं वाढवून मिळालं, एवढंच. घरमालक बदलला तेव्हा उघडं पडलं.

त्यानंतर मी जी पद्धत बसवली ती इथे सविस्तर लिहितो. कोल्ड स्टोरेज, कॅनिंग, मासळी प्रक्रिया, पॅथॉलॉजी लॅब, कॉलेजची प्रयोगशाळा, जिथे म्हणून सॉफ्टवेअर नेटवर्कवरून एखाद्या यंत्राशी बोलतं तिथे ती लागू पडते.

आधी पत्ते शोधून काढा

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच निसटतात. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये '१९२.१६८' शोधून थांबू नका. खासगी नेटवर्कसाठी १९९६ सालापासून पत्त्यांचे तीन पट्टे ठरलेले आहेत: १० ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ असा, आणि १९२.१६८ वाला. तिन्ही शोधा. त्याहून बरं म्हणजे 'एक ते तीन अंक, टिंब' असं चार गटांचं पॅटर्न देऊन शोधा. त्यात एखाद्या कोड-लायब्ररीचा आवृत्ती क्रमांकही सापडेल, कारण तोही दिसायला तसाच असतो. ते हाताने बाजूला काढायचे.

पण माझ्या त्या प्रोग्रॅममध्ये हेही चाललं नसतं. मी '१९२.१६८.१.' एवढंच लिहून पुढे चेंबर क्रमांकात ४९ मिळवून जोडत होतो. तेव्हा मला ती हुशारी वाटली होती. म्हणून अर्धवट पत्तेही शोधा, शेवटी टिंब असलेले.

मग प्रोग्रॅमच्या बाहेर या. मला आजवर पत्ते सापडलेली ठिकाणं: डेटाबेसमधला सेटिंगचा तक्ता, अकाऊंटंटच्या एक्सेल फाईलमधला मॅक्रो, रात्री चालणारी बॅच फाईल, विंडोजमधलं डेटाबेसला जोडणारं ओडीबीसीचं कनेक्शन, फायरवॉलचा नियम, स्काडाची (कारखाना स्क्रीनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची) प्रोजेक्ट फाईल, लेबल प्रिंटर. आणि खुद्द यंत्राच्या मेनूत भरलेला वेळ-सर्व्हरचा पत्ता. हा शेवटचा फार छुपा. नेटवर्क बदललं की यंत्र चालू राहतं, फक्त त्याचं घड्याळ हळूहळू सरकत जातं आणि तीन महिन्यांनी बॅचची नोंद आणि तापमानाची नोंद जुळेनाशी होते.

सगळं एका वहीत उतरवा. पत्ता, कुठे सापडला, कोणत्या यंत्राचा. माझ्याकडे तीन कंट्रोलर, एक वजनकाटा आणि एक रिटॉर्टचा (डबाबंद माल निर्जंतुक करणाऱ्या भांड्याचा) रेकॉर्डर होता. पाच यंत्रं, आणि वहीत सतरा ओळी झाल्या.

यंत्रांचं नेटवर्क फायबरवाल्यापासून वेगळं करा

इंटरनेटवाला जो डबा देतो तो आपला नाही. तो बिघडला की त्याचा माणूस येतो, दुसरा लावतो, निघून जातो. आतला पट्टा बदलला का, हे तो बघत नाही आणि त्याने बघावं अशी अपेक्षाही नाही. म्हणून यंत्रांसाठी स्वतःचा छोटा राऊटर घ्या. त्याचं इंटरनेटचं पोर्ट फायबरवाल्याच्या डब्याला जोडा, आणि सगळी यंत्रं व त्यांचा डेटा गोळा करणारा कॉम्प्युटर या आतल्या राऊटरच्या मागे ठेवा. आतला पट्टा सहसा कोणी वापरत नाही असा निवडा. मी १०.४७.२०.० वापरतो. बाहेरच्या डब्याने १९२.१६८.० दिला काय, १९२.१६८.२९ दिला काय, आत काही हलत नाही.

मग आरक्षण. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला बारा खुणांचा एक कायमचा क्रमांक असतो, मॅक ॲड्रेस. बहुतेक वेळा यंत्राच्या स्टिकरवर छापलेला असतो. राऊटरमध्ये 'या मॅकला हाच पत्ता' असं बांधून टाकता येतं. यंत्राच्या मेनूत जाऊन पत्ता हाताने भरण्यापेक्षा हे बरं, कारण सगळी बांधणी एका जागी राहते. एखादा जुना पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक कॉम्प्युटर) आपोआप पत्ता घेतच नसेल तर त्याला हाताने भरा, पण वाटप होणाऱ्या पट्ट्याच्या बाहेरचा. वाटपाला १०० ते १९९ दिलं असेल तर हाताने भरलेले २० ते ६० मध्ये. दोन यंत्रांना एकच पत्ता लागला की होणारा गोंधळ अनुभवायचा असेल तर हा नियम मोडून बघा. पाच मिनिटं चालतं, पाच मिनिटं बंद, आणि प्रत्येकजण केबलला दोष देतो.

राऊटरची सेटिंग फाईल म्हणून उतरवून घ्या आणि त्याच मॉडेलचा दुसरा राऊटर तीच फाईल चढवून कपाटात ठेवा. त्यावर मार्करने लिहा. आगोटीच्या आधी छपराची कौलं चाळतो तसं हे करून टाकायचं. आपल्याकडे राऊटर दोन गोष्टींनी मरतो, विजेने आणि खाऱ्या हवेने. मिरकरवाडा बंदराकडच्या एका युनिटमध्ये केबलच्या टोकाच्या पिना वर्षात हिरव्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

इथेच बरेचजण थांबतात. आरक्षण झालं, आता प्रोग्रॅममध्ये पत्ता असला म्हणून काय बिघडलं? बिघडतं हे, की कंट्रोलर जळून नवा आला की मॅकही नवा येतो आणि जुनं आरक्षण त्याला लागू होत नाही.

नावं द्या, आणि जरा विचार करून द्या

नाव-पत्त्याची सांगड घालण्याचे तीन मार्ग आहेत. सगळ्यात साधी होस्ट्स फाईल, प्रत्येक कॉम्प्युटरवर असते. यंत्रांशी बोलणारा कॉम्प्युटर एकच असेल तर ती पुरते. दोन झाले की एका फाईलमध्ये बदल होतो आणि दुसरीत राहून जातो. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटच्या काळी अख्ख्या नेटवर्कची अशी एकच फाईल कॅलिफोर्नियात सांभाळली जायची. ती आवरेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता सांगणारं डीएनएस मांडलं. तेव्हा आपणही थेट तिकडेच जावं. आतल्या राऊटरवर आरक्षणासोबत नाव भरायची सोय असेल तर तेच आपलं डीएनएस. छोट्या राऊटरमध्ये आत बहुधा डीएनएस-मास्क नावाचा प्रोग्रॅम असतो, पत्ते वाटणं आणि नावं सांगणं ही दोन्ही कामं तो करतो.

तिसरा मार्ग म्हणजे यंत्राने स्वतःच नाव पुकारणं, एमडीएनएस. शेवटी 'डॉट लोकल' असतं, पोर्ट ५३५३ (असं पोर्ट म्हणजे यंत्राच्या कुठल्या खिडकीवर बोलायचं तो क्रमांक). प्रिंटर आपोआप सापडतो तो यामुळेच, आणि बऱ्याच नव्या ऑसिलोस्कोपमध्येही ही सोय असते. पण ही हाक राऊटरच्या पलीकडे जात नाही, आणि काही वायफाय सेटिंगमध्ये अलीकडेही ऐकू येत नाही. कॉलेजच्या एका टेबलापुरतं उत्तम. कारखान्यासाठी मी यावर विसंबत नाही.

आपल्या आतल्या नावांना शेवटी 'डॉट लोकल' मात्र लावू नका, ते एमडीएनएससाठी राखलेलं आहे आणि दोन्हींची सरमिसळ झाली की कधी नाव सापडतं, कधी नाही. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने २०२४ साली 'डॉट इंटर्नल' हे खासगी वापरासाठी बाजूला काढून ठेवलंय, ते घ्या.

नावात इंग्रजी छोटी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच. खालची रेघ नको, स्पेस नको. आणि मुख्य म्हणजे नाव जागेचं द्या, डब्याचं नको. 'चेंबर-२' हे नाव. कंपनीचं मॉडेल, विकत घेतल्याचं साल असलं काही नावात घालू नका. कंट्रोलर तीन वर्षांत बदलेल, चेंबर दोन जागेवरच राहील. आपल्याकडे घर पडून नवं बांधलं तरी 'खालचं घर' ते खालचंच राहतं, तसं.

एक फाईल, पाच रकाने

आता प्रोग्रॅममधले पत्ते काढून एका सेटिंग फाईलमध्ये पाच ओळी लिहायच्या. प्रत्येक ओळीत: कामाचं नाव, नेटवर्कवरचं नाव, पोर्ट, बोली (म्हणजे प्रोटोकॉल), आणि ओळख. माझ्या फाईलमधली चेंबर दोनची ओळ वाचून दाखवायची तर अशी: 'चेंबर दोन, चेंबर-२ डॉट कारखाना डॉट इंटर्नल, ५०२, मॉडबस, ओळख २०२'. मॉडबस ही कारखान्यातल्या कंट्रोलरशी बोलायची बोली, ५०२ हे तिचं ठरलेलं पोर्ट आहे. पोर्टही कोडमध्ये नको, कारण उद्या मध्ये गेटवे (दोन प्रकारच्या जोडण्यांमधला दुभाषी डबा) आला की तो बदलतो.

फाईल प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, नाहीतर नवी आवृत्ती चढवताना पुसली जाते. आणि ओळ सापडली नाही तर प्रोग्रॅमने मनाने कुठलाही पत्ता धरायचा नाही, स्पष्ट सांगून थांबायचं. 'नसेल तर १९२.१६८.१.५०' असा मागचा दरवाजा ठेवलात तर केलेली सगळी मेहनत वाया.

तू कोण, हे विचारा

खरा मुद्दा हा. त्या रात्री माझ्याकडे नावं असती, डीएनएस असतं, तरी कोणीतरी आरक्षण भरताना दोन मॅक उलटसुलट भरले असते तर तेच झालं असतं. पत्ता किंवा नाव आपल्याला दारापर्यंत नेतं. आत कोण आहे ते आत गेल्यावर विचारावं लागतं.

प्रयोगशाळेतल्या यंत्रांचं सोपं आहे. एससीपीआय (मोजमापाच्या यंत्रांची हुकमांची भाषा) बोलणाऱ्या यंत्राला 'स्टार आयडीएन प्रश्नचिन्ह' असा हुकूम पाठवला की स्वल्पविरामाने तोडलेली चार उत्तरं येतात: कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअर (आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती). तिसरं उत्तर आपल्या फाईलमधल्या ओळखीशी ताडून पाहा. चौथं ताडू नका, फर्मवेअर अपडेट झालं की उगाच भांडण. एखादं यंत्र अनुक्रमांकाच्या जागी नुसता शून्य पाठवतं. त्याला खालच्यापैकी एखादी युक्ती लावावी लागेल.

मॉडबसचं अवघड आहे. १९७९ सालची बोली, त्यात ओळख ही कल्पनाच नव्हती. नंतर ४३ क्रमांकाचं फंक्शन आलं, त्यातून कंपनी, उत्पादन क्रमांक आणि आवृत्ती मिळते. मी आनंदाने ते वापरायला गेलो, आणि तिन्ही चेंबरनी शब्दशः एकच उत्तर दिलं. देणारच, तिन्ही एकाच खोक्यातून आलेले. कंपनी कळून उपयोग नाही, खोली कळायला हवी. मग हे पर्याय राहतात:

पहिला, मॅन्युअलमध्ये अनुक्रमांकाचं रजिस्टर (यंत्राच्या मेमरीतला आकडा ठेवायचा कप्पा) दिलंय का बघा. असेल तर प्रश्न मिटला.

दुसरा, आपल्या वापरात नसलेलं, लिहिता येण्याजोगं आणि लाईट गेली तरी टिकणारं रजिस्टर शोधा. त्यात आपला क्रमांक लिहून ठेवा. मी चेंबर एक, दोन, तीनला २०१, २०२, २०३ लिहिले. माझ्या कंट्रोलरमध्ये न वापरलेल्या दुसऱ्या अलार्मची मर्यादा होती, ती अलार्म बंद ठेवून यासाठी वापरली. लिहिल्यावर कंट्रोलर बंद करून परत चालू करा आणि वाचा, टिकलं तरच धरा. हे एकदाच लिहायचं असतं. दर फेरीला लिहीत बसलात तर आतली मेमरी झिजते.

तिसरा, युनिट क्रमांक, म्हणजे मॉडबसमध्ये यंत्राला हाक मारायचा क्रमांक. प्रत्येक कंट्रोलरला वेगळा द्या, ११, १२, १३. चुकीच्या यंत्राला चुकीच्या क्रमांकाने हाक मारली तर ते गप्प बसायला हवं. 'हवं' म्हणतोय, कारण थेट इथरनेटवरची पुष्कळ यंत्रं हा क्रमांक बघतच नाहीत आणि कोणालाही ओ देतात. मुद्दाम खोटा क्रमांक देऊन तपासा. उत्तर आलं तर हा मार्ग सोडा. आरएस ४८५ च्या (बरीच यंत्रं एकाच तारेला जोडायच्या पद्धतीच्या) तारेवरची यंत्रं गेटवेमागे असतील तर मात्र हाच मार्ग योग्य, तिथे युनिट क्रमांकच खरा पत्ता असतो.

काहीच जमलं नाही तर मॅक. कॉम्प्युटर आणि यंत्र एकाच नेटवर्कमध्ये असतील तर एआरपीच्या तक्त्यातून (कॉम्प्युटरकडची कोणत्या पत्त्याला कोणता मॅक ही यादी) तो वाचता येतो.

ओळख केव्हा तपासायची? प्रत्येक वेळी कनेक्शन नव्याने जोडल्यावर, पहिलं वाचन घ्यायच्या आधी. आणि जुळली नाही तर? त्या वेळची नोंद कोरी ठेवायची. मागचा आकडा पुढे ओढायचा नाही, शून्यही लिहायचा नाही. चेंबरच्या बाबतीत शून्य हाही एक आकडाच आहे, आणि वाईट आकडा आहे. स्क्रीनवर माणसाला कळेल असं वाक्य यायला हवं. माझं असं आहे: 'चेंबर दोनच्या जागी चेंबर एक उत्तर देतोय. दोन्ही दारांवरचे मीटर बघा.' रात्रपाळीच्या माणसाला 'एरर १०४' दाखवून काय साध्य होतं?

कंट्रोलर बदलला की नव्यात २०२ लिहायचा, राऊटरमध्ये नवा मॅक भरायचा, संपलं. सेन्सरच्या कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट डब्याच्या अनुक्रमांकावर निघालेलं असतं, म्हणून कोणत्या तारखेपासून कोणता डबा चेंबर दोनमध्ये आहे याची एक वेगळी नोंद ठेवा. ऑडिटवाले नेमकं तेच मागतात.

जोडणी तुटल्यावर

प्रोग्रॅम सुरू होताना नावावरून एकदाच पत्ता काढून तोच पोटाशी धरून बसणं ही फार सर्रास चूक आहे. दर वेळी नव्याने जोडताना नाव नव्याने विचारा. जोडणीची मुदत स्वतः ठरवा, मी चार सेकंद ठेवतो. विंडोजवर सोडून दिलंत तर वीसेक सेकंद, लिनक्सवर दोन मिनिटांच्या वर वाट बघितली जाते आणि तोवर बाकीची यंत्रं ताटकळतात. मुदत संपली की लगेच परत नको, पाच सेकंद, दहा, वीस असं वाढवत मिनिटापर्यंत न्या.

डीएनएसच बंद पडलं तर? प्रत्येक यंत्राचा शेवटचा चाललेला पत्ता एका फाईलमध्ये नोंदवून ठेवा आणि नाव सापडलं नाही तर तो वापरून बघा. वर मागचा दरवाजा नको म्हणालो आणि इथे उघडला, असं वाटेल. फरक असा की इथे आत गेल्यावर ओळख तपासली जाते. पत्ता शिळा असेल तर ओळख जुळणार नाही आणि नोंद कोरी राहील.

जिथे यंत्रच आपल्याला फोन करतं

पॅथॉलॉजी लॅबमध्ये उलटा प्रकार. रक्त तपासणारा ॲनालायझर स्वतः कॉम्प्युटरला जोडतो आणि रिपोर्ट पाठवतो. म्हणजे आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता त्याच्या मेनूत भरलेला असतो, आणि पुष्कळ ॲनालायझर नाव घेतच नाहीत, आकडेच लागतात. तिथे कॉम्प्युटरचं आरक्षण करा आणि कॉम्प्युटर बदलला तर जुना पत्ता नव्याला द्या.

आपल्या बाजूने एकच सांभाळायचं. ऐकणाऱ्या प्रोग्रॅमला 'माझ्या अमुक पत्त्यावर ऐक' असं सांगू नका. पत्ता बदलला की तो सुरूच होत नाही. सगळ्या नेटवर्क कार्डांवर ऐकू द्या, आणि कोणाचं ऐकायचं ते फायरवॉलने ठरवा. ओळख इथेही आहे: एचएल-सेव्हनच्या (लॅब-हॉस्पिटलमधल्या संदेशांच्या बोलीच्या) संदेशात पहिल्या, एमएसएच ओळीचा तिसरा आणि चौथा रकाना पाठवणाऱ्याचा असतो. दोन ॲनालायझर असतील तर त्यात वेगवेगळी नावं भरा आणि तीच तपासा, कुठल्या पत्त्यावरून आलं ते नको.

पावसात मुद्दाम मोडून बघा

कॅनिंगचा सीझन जूनच्या पहिल्या पावसासोबत आटपतो. चेंबर पूर्ण रिकामे होत नाहीत, पण घाई नसते. तो आठवडा चाचणीचा. मी तीन गोष्टी करतो.

वाटपाचा पट्टा बदलतो आणि सगळ्यांची लाईट पाच मिनिटं बंद करून चालू करतो. प्रोग्रॅमला हात न लावता दोन मिनिटांत पाचही यंत्रं परत दिसली पाहिजेत. मग फायबरवाल्याचा डबा काढून ठेवतो, काही फरक पडता कामा नये. आणि शेवटी राऊटरमधली चेंबर एक आणि दोनची आरक्षणं मुद्दाम अदलाबदल करतो.

पहिल्या वर्षी ही तिसरी चाचणी केली तेव्हा तोच सुपरवायझर शेजारी उभा होता. स्क्रीनवर वाक्य आलं, नोंदीत दोन कोऱ्या जागा पडल्या, बझर वाजला. तो काही न बोलता उठला, आधी चेंबर एकच्या मीटरपाशी गेला, मग दोनच्या, दोन्ही आकडे वहीत लिहून आणले आणि मगच बझरला हात लावला.